आज खाडा

1 ऑक्टोबर 2025, बुधवार. खंडेनवमी.

हात दोनदा धुतले तरी झेंडूचा वास जात नाही. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून आमच्या लोकल गाडीची पूजा आजच केली. माळा रात्री घरीच ओवून ठेवल्या होत्या. डोंबिवली सुटल्यावर खिडक्यांच्या गजांना आणि वरच्या कड्यांना बांधल्या. आंब्याचे डहाळे कल्याणहून येणाऱ्या मुलीने आणले. सीएसएमटीला उतरल्यावर दोघीजणी मोटरमनला नारळ आणि पेढे द्यायला पुढे धावल्या.

सगळं दरवर्षीसारखंच झालं. फक्त घाटकोपरवाल्या काकू नव्हत्या. काल, 30 तारखेला, त्या निवृत्त झाल्या.

आमच्या डब्यात आडनावं चालत नाहीत. जी जिथे उतरते ते तिचं नाव. काकू राहतात डोंबिवलीतच, पण सात वर्षं मी त्यांना घाटकोपरवाल्याच म्हणत आले. खूप दिवस त्यांचं खरं नावही मला माहीत नव्हतं.

2018 च्या जूनमध्ये अकोल्याहून नोकरीसाठी इथे आले. डोंबिवली पश्चिमेला भाड्याची एक खोली, ऑफिस फोर्टात. आई रोज रात्री फोनवर विचारायची, "जेवली का बाई?" मी हो म्हणायची. जेवणं व्हायचं, ते खोटं नव्हतं. पण शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून आले की सोमवारी सकाळपर्यंत मी कुणाशी बोलतच नसे. एका रविवारी भाजीवाल्याला भाव विचारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. खाकरून परत विचारलं. पावशेर गवार घेतली. तो म्हणाला, "एवढीच?" त्याने सहज विचारलं असेल. मला मात्र ते घरापर्यंत पुरलं.

गाडीत तर हजारो माणसं, आणि तिथेच सगळ्यात जास्त एकटं वाटायचं. लेडीज डब्यात मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून मी ग्रुपवाल्या बायकांकडे बघायची. कुणाच्या मांडीवर मेथीची जुडी, कुणाच्या हातात पोथी, कुणाच्या वाढदिवसाचा केक ठाण्याच्या आधी कापला जातोय. आणि रिकाम्या सीटवर रुमाल. "इथे आहे कुणीतरी." मला त्या रुमालांचा फार राग यायचा. आजही येतो. मी स्वतः कधी रुमाल टाकत नाही. दीड तास उभं राहून जाणाऱ्या बाईला तो रुमाल काय सांगतो, ते मला ठाऊक आहे.

तेव्हा जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब, 1916 सालचा बोगदा. आत शिरलं की आवाज एवढा कोंडायचा की सगळ्यांच्या गप्पा आपोआप थांबायच्या. मिनिट-दीड मिनिट कुणी कुणाकडे बघायचं नाही. मी तेवढ्यात रडून घ्यायची. बाहेर पडेस्तोवर डोळे पुसून व्हायचे. 2022 पासून आमच्या गाड्या मुंब्र्याकडून जातात, तो बोगदा आता आमच्या वाटेत लागत नाही.

रोज त्याच डब्यात, त्याच दाराशी चढायची, एवढंच माझं सातत्य. काकू घाटकोपरला उठताना माझ्याकडे बघून मान हलवायच्या, म्हणजे ये, बस. बोलणं असं नाहीच. एकदा मुठीएवढी गवार माझ्या हातावर ठेवली होती, "मोड गं एवढी." मी उभ्या उभ्या शिरा काढून दिल्या. तेवढंच.

2018 च्याच ऑगस्टमध्ये मला ताप आला. तीन दिवस खोलीत पडून होते. ऑफिसला एक मेसेज केला, त्यावर "ओके" आलं. चौथ्या दिवशी डब्यात पाय ठेवला तर काकू जवळजवळ ओरडल्याच, "तीन दिवस खाडा? आणि सांगायचं नाही?" सगळ्या वळून बघायला लागल्या. भायखळावाल्या ताई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं खोली बदललीस. काकू दारात बघत होत्या रोज."

मी काही बोलले नाही. बोलता आलंच नाही.

त्याआधी चौकशी करणारे भेटले होते. "करमतं का इथे?" असं ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं. त्या प्रश्नाचं काय करायचं, मला कधी कळलं नाही. काकूंनी मात्र विचारलं नाही, जाब मागितला. मी नव्हते तर माझी जागा रिकामी दिसली होती, आणि ती जागा तर उभं राहण्याची, दाराजवळची. त्या दिवशी काकूंनी माझा नंबर घेतला आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी कागदात बांधून दिली. ऑक्टोबरात नवरात्र आलं. गुरुवार पिवळा, माझ्याकडे पिवळं काही नव्हतं. मुलुंडला राहणाऱ्या एकीने ठाण्याला चढताना ओढणी आणली माझ्यासाठी. ती अजून माझ्याकडेच आहे, परत घ्यायला तयार नाही.

2020 च्या 23 मार्चपासून लोकल बंद झाल्या. मला अकोल्याला जाता आलं नाही. पुन्हा तीच खोली, तीच भिंत. मंगळवारी सकाळी आमच्या गाडीच्या वेळेला फोन वाजला. ग्रुपवर काकूंचा मेसेज: "सुटली." थोड्या वेळाने कुणीतरी लिहिलं, "ठाणं आलं." मग काकू: "उतरते गं. बसून घे." मी खरंच पलंगावरून उठून खुर्चीत जाऊन बसले. पुढे कित्येक महिने हे असंच चाललं. 21 ऑक्टोबरला बायकांना लोकलची परवानगी मिळाली, तीसुद्धा अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. आमच्या वेळेची गाडी मिळायला आणखी बरेच महिने लागले. तोवर आमची गाडी फोनवरच धावत होती, एकही दिवस लेट न होता.

आज काकूंची खिडकीची जागा. कुणी बसेचना. सगळ्या माळा बांधण्यात गुंतल्यासारखं करत होत्या. शेवटी मी उभ्या असलेल्या एका बाईंना म्हटलं, "बसा तुम्ही." त्या डाऊन करून, म्हणजे जागेसाठी आधी उलट्या दिशेने जाऊन, आल्या नव्हत्या, कुठल्या ग्रुपच्याही नव्हत्या. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग बसल्या. घाटकोपरला उतरल्या नाहीत, दादरपर्यंत होत्या. बरंच झालं. घाटकोपरला ती जागा रिकामी झालेली मला आज बघवली नसती.

दिवा स्टेशनच्या आसपास असताना काकूंचा फोन आला होता. मागे कुकरची शिट्टी. म्हणाल्या, "आज खाडा. लिहून घे." आणि लगेच, "तोरण वरच्या कडीला बांधलंत ना? मागच्या वर्षी खाली आलं होतं."

फोन स्पीकरवर टाकला. सगळ्या एकदम ओरडल्या, काय ते काकूंना कळलं नसणार.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. भाजी मी नेणार आहे. गवार, अर्धा किलो.