टाळ्या वजा जाता

सोलापुरात पार्क चौकाजवळ पदपथावर जुनी पुस्तके मांडणाऱ्या एका विक्रेत्याची भाव सांगण्याची स्वतःची पद्धत आहे. मराठी कादंबरी तो निम्म्या किमतीला देतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक रुपया सोडत नाही आणि इंग्रजी जाडजूड पुस्तक कुणी उचललेच, तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून आकडा बोलतो. माझ्या तोंडावर त्या संध्याकाळी १२० रुपये लिहिलेले असावेत. पुस्तक होते विल्यम एफ. बकले या अमेरिकन परंपरावादी भाष्यकाराच्या भाषणांचा संग्रह, ‘लेट अस टॉक ऑफ मेनी थिंग्ज’, २००० साली निघालेला. हे नाव लुईस कॅरलच्या वॉलरसच्या कवितेतून घेतलेले आहे. ‘चला, पुष्कळ विषयांवर बोलू या’ असे वॉलरस कालवांना म्हणतो खरा, पण गप्पा आटोपताच त्यांना मटकावतो. आपल्या भाषणसंग्रहाला हे नाव देणारा वक्ता एक तर स्वतःवर हसू शकणारा असला पाहिजे, नाही तर श्रोत्यांनी त्याच्यापासून चार हात लांब बसलेले बरे.

भाषणसंग्रह हा ग्रंथालयातला सर्वांत दुर्दैवी प्रकार आहे. भाषण ऐकायला जे लोक भर उन्हाळ्यात तास तास खुर्ची धरून बसतात, तेच लोक ते छापून आल्यावर चाळूनही पाहत नाहीत. माझी मात्र या प्रकाराशी जुनी सोयरीक आहे. नोकरी सांभाळून मी अकरा वर्षे एका स्थानिक दैनिकासाठी व्याख्यानमालांचे वृत्तांत लिहीत असे. एकदा एक वक्ते हसत हसत म्हणाले, “सोलापूरकरांना गिरणीच्या भोंग्याखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही.” सभागृह खळाळून हसले. मी ते वाक्य शब्दशः दिले, हसणे द्यायचे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरकरांना बहिरे ठरवणाऱ्या त्या वक्त्यांच्या निषेधाची चार पत्रे संपादकांच्या टेबलावर येऊन पडली. तेव्हापासून मी कंसात ‘हशा’ लिहू लागलो. विनोदाला असा कंसाचा टेकू द्यावा लागणे ही नामुष्कीच आहे, पण सभागृहातून छापखान्यापर्यंत जाताना भाषणाचे किती वजन घटते, हे मला त्या चार पत्रांनी शिकवले.

बकले यांच्याकडे मी प्रथम या घटीच्याच हिशेबाने पाहिले. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले, १९६६ पासून १९९९ पर्यंत ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणीवरचा वादसंवाद चालवला आणि या सगळ्याच्या जोडीला गावोगाव व्याख्याने दिली. त्यांच्या जुन्या चित्रफिती आता सहज पाहायला मिळतात. खुर्चीत जवळजवळ आडवे झालेले, हातात पेन्सिल, भुवया कपाळात चढलेल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाक्यावर झडप घालण्यापूर्वी किंचित बाहेर येणारी जीभ. पुस्तकात यातले काहीच नाही, तरीही वाक्ये उभी राहतात. याचे एक कारण मला सोलापूरकर म्हणून सुचले. बकले यांची पहिली भाषा इंग्रजी नव्हतीच. दाईकडून ते स्पॅनिश शिकले, नंतर फ्रेंच, आणि रीतसर इंग्रजी शिकू लागले ते लंडनच्या शाळेत, सातव्या वर्षी. आमच्याकडे घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि व्यासपीठावर मराठी बोलणारे वक्ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्यांची मराठी घरंदाज मराठी वक्त्यांपेक्षा पुष्कळदा अधिक नेटकी असते. भाषा आयती मिळाली नसली की माणूस तिला इस्त्री करून वापरतो. बकले यांची इस्त्री जरा जास्तच कडक आहे. साध्या शब्दाने भागत असता शब्दकोश उघडायला लावण्याची त्यांना खोड आहे आणि मी तिला कंटाळलोही.

पण विनोद मात्र कंसाविना टिकतो. १९६५ साली ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आल्यास पहिले काम कोणते कराल, असे विचारल्यावर ते म्हणाले होते की फेरमतमोजणीची मागणी करीन. पुढे त्यांना १३ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि फेरमोजणीची गरज उरली नाही. हार्वर्डच्या प्राध्यापकांपेक्षा बॉस्टनच्या टेलिफोन डिरेक्टरीतल्या पहिल्या २,००० नावांनी माझ्यावर राज्य केलेले मला चालेल, हेही त्यांचेच म्हणणे. आमच्या महापालिकेची निवडणूक जवळ आली की मला ती डिरेक्टरी हमखास आठवते.

त्याच १९६५ च्या फेब्रुवारीत केंब्रिज युनियन या विद्यापीठातल्या वादसभेत त्यांची गाठ कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांच्याशी पडली. अमेरिकन स्वप्न हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभे आहे, असा ठराव होता. बाल्डविन ठरावाच्या बाजूने बोलले आणि सभागृह उठून उभे राहिले. बकले विरोधात बोलले आणि ५४४ विरुद्ध १६४ मतांनी हरले. ती चित्रफीत मी दोनदा पाहिली. हुशारी बकले यांच्याकडे कमी नव्हती, पण समोरच्याचे बोलणे आतड्यातून येत असताना नुसते युक्तिवाद करणारा माणूस किती कोरडा दिसतो, ते तिथे दिसते. १९५७ मध्ये त्यांच्या नियतकालिकाने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेणारे संपादकीय लिहिले होते. आपण तेव्हा चुकलो, केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता, ही कबुली द्यायला बकले यांना जवळजवळ अर्धे शतक लागले.

मला अडवून धरले ते मात्र एका वेगळ्याच वाक्याने. हे नियतकालिक इतिहासाच्या वाटेत आडवे उभे राहून ‘थांबा’ असे ओरडणार आहे, असे बकले यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’च्या पहिल्या अंकात लिहिले होते. हे वाक्य वाचले आणि मला आमचे आप्पा दिसले. आप्पांनी कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, तीस वर्षे काढली, लाल बावट्याच्या कामगार संघटनेची वर्गणी एकदाही चुकवली नाही, आणि वक्तृत्व म्हणजे काय हे ते द्वारसभेत शिकले. एक पाळी सुटते आणि दुसरी भरते, त्या पंधरा मिनिटांत गिरणीच्या फाटकावर लाकडी पेटीवर उभे राहून बोलायचे, ऐकणाऱ्याच्या हातात डबा, कानात साच्यांचा खडखडाट अजून घुमतोय, आणि भोंगा झाला की वाक्य अर्धे राहिले तरी सभा संपली. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा हे लाल बावट्याचे लोक फाटकावर काय ओरडत होते? ‘थांबा’ हेच की! क्रांतीची भाषा करणारा आमचा बाप आपला साचा, आपला भोंगा आणि आपली पाळी जशीच्या तशी राहावी म्हणून वाटेत आडवा उभा होता. उलट परंपरेचा कैवार घेणाऱ्या बकले यांनी ती गिरणी बाजाराच्या नियमाने खुशाल बंद पडू दिली असती, कारण सरकारने धंद्यात हात घालू नये हा त्यांचा पक्का सिद्धान्त. इतिहासाला थांबवायला निघालेल्या या माणसाला, त्याच इतिहासाची गाडी जो बाजार ओढतो, त्याला थांबवावेसे का वाटले नसेल, हा प्रश्न घेऊन मी संग्रहातले एकेक भाषण वाचले. उत्तर मिळाले नाही. सफाईदार वाक्ये पुष्कळ मिळाली.

आप्पा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. मी झोपाळ्यावर मोठ्याने वाचत होतो ते पाहून त्यांनी उजवा कान पुढे केला. मी जमेल तशी मराठी करत दोन पाने ऐकवली. हा आपल्या बाजूचा माणूस नव्हे, हेही सांगून टाकले.

“ते कळलं मला,” आप्पा म्हणाले. “बोलतोय बेस. पण फाटकावर उभा केला असता तर पहिलं वाक्य संपायच्या आत भोंगा झाला असता त्याचा.”

मी पुस्तक मिटायला लागलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

“मिटतोस कशाला? गिरणीचं काय म्हणतोय का बघ पुढं.”