तुम्ही विचारलंत म्हणून: त्या काळात माझी प्रार्थना कोण करत होतं

"साहेबांचं एवढं आजारपण काढलंत, पण रोजचं मनन-प्रार्थना कधी चुकली नाही. कसं जमवलंत?" हा प्रश्न मला उपासनेनंतर विचारला गेलाय, लग्नाच्या रांगेत विचारला गेलाय, एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या दफनविधीला. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं: प्रभूने बळ दिलं. मी मान डोलावते आणि सटकते. सटकायचा आता कंटाळा आला, म्हणून लिहितेय.

चुकली. नुसती चुकली नाही, सुटलीच.

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस, कर्ज, शेवटचे दिवस हे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पहाटे उठून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायची सवय मला लग्नाआधीपासून होती. आजारपण लांबलं तसं पान उघडं राहायचं आणि डोळे त्याच वचनावरून चार-चारदा फिरायचे. गुडघे टेकले की डोक्यात हप्ते. हळूहळू बसणंच थांबलं. भेटायला येणारे थांबले नव्हते. देव सोसवेल तेवढंच देतो, असं सांगून जायचे. बायबलात प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय ते मोहाबद्दल, किडनीबद्दल नाही, हे त्यांना ऐकवावंसं वाटायचं. ऐकवलं नाही, कारण ते फळं घेऊन आलेले असायचे.

मैत्रीण मात्र यायची नाही, फोन करायची. रोज सकाळी. "कशी आहेस" नाही, "हे कसे आहेत" नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचायची, "आमेन, ठेवते" म्हणायची, संपलं. पहिल्यापासून क्रमाने. मी बोलायचं असं काही ठरलेलं नव्हतं आणि मी बोलतही नव्हते. फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवायचा आणि माझं काम चालू. त्या वेळेला काम एकच असायचं: यांचं दिवसभराचं पाणी मोजून बाटलीत भरणं. डायलिसिसच्या पेशंटला पाणीही मापात, म्हणून बाटलीवर पेनाने रेघा मारल्या होत्या. दुपारपर्यंत या रेघेच्या खाली जायचं नाही, संध्याकाळपर्यंत त्या. बेचाळिसावं स्तोत्र आलं, हरिणीच्या तहानेचं, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, "तिला सांग, आज दुसरं वाच." आम्ही तिघंही हसलो. तेवढंच.

मग अठ्ठ्याऐंशीवं आलं.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्तोत्रं रडतात, पण बहुतेक शेवटी वळतात. तेरावं बघा, "कुठवर, कुठवर" करत सुरू होतं आणि सहाव्या वचनात गायला लागतं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. तो माणूस, वर नाव हेमान एज्राहीचं आहे, देवाला तोंडावर सांगतो की तू मला खड्ड्यात टाकलंस, माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस. आणि शेवट अंधारात. पुढे काही नाही. मी कधीकाळी बायकांच्या प्रार्थनासभेत स्तोत्रसंहिता शिकवली आहे. या स्तोत्राला किती वेळ दिला असेन? "दुःखाचं स्तोत्र" म्हणून पुढे गेले असेन.

त्या सकाळी तिला सर्दी झाली होती. मध्येमध्ये थांबत वाचत होती. शेवटचा शब्द वाचला आणि "आमेन" आलं नाही. पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पुढे एकोणनव्वदावंच आहे गं. याला पुढे काहीच नाहीये."

तिला खरंच शोधायचं होतं. मला द्यायला काहीतरी, एखादी ओळ. ते तिच्या आवाजात ऐकू आलं आणि माझ्या हातातली बाटली मी ओट्यावर आपटली. पाणी सांडलं. मोजलेलं पाणी. आणि मी बोलायला लागले. तिच्याशी नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी देवाशी बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. यांना ऐकू गेलं असणारच. "तू"पासून सुरुवात केली आणि शिव्यांच्या काठावर जाऊन थांबले. खरं सांगायचं तर काठ ओलांडला. तिने फोन ठेवला नाही. "असं बोलू नये गं" म्हणाली नाही. माझा दम संपला तेव्हा नाक ओढून म्हणाली, "आमेन. उद्या एकोणनव्वद." आणि ठेवला.

शिव्यांना आमेन! मी पुसायचं फडकं हातात धरून उभी.

मग कधीतरी ते स्तोत्र मी स्वतः उघडलं. नवव्या वचनात तो म्हणतो की मी तुला रोज हाक मारतो, आणि तेराव्यात, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. उजेडाचा पत्ता नाही, मित्र नाहीत, पण सकाळची वेळ तेवढी पाळतोय. हे आपल्याला सोयीचं नाही, म्हणून साक्षीच्या वेळी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगताना, कुणी हे स्तोत्र वाचत नाही.

हे मी मंडळीत एकदा सांगितलं, तर एक बंधू म्हणाले, "पण बाई, प्रार्थना उसनी चालत नाही." मी लगेच मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास बघतो. त्यांचा! खाटेवरच्याने काय विश्वास धरला होता ते लिहिलेलंच नाही. घरी येईपर्यंत मी जिंकल्यासारखी होते. मग येशूच्या दाखल्यातल्या, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारी आठवल्या. मत्तय पंचवीस. तिथे तेल उसनं मिळत नाही. शहाण्या सरळ नाही म्हणतात आणि दार बंद होतं. दोन्ही त्याच शास्त्रात आहे. मी कुठल्या गोष्टीत होते, मला अजून कळलेलं नाही.

प्रार्थनासभेतली ती जुनी मी म्हणायची, "ज्याला देव हवा त्याला वेळ सापडतो." तिच्याशी मी अजून भांडते. तिला काय माहीत होतं, असं म्हणते. पण तीही उलटून बोलते: तुझ्या मैत्रिणीने वर्षानुवर्षं पहाटे उठायची सवय ठेवली नसती, तर तुझ्या वाटचं तिने कशाच्या जोरावर वाचलं असतं? यावर मला उत्तर सुचत नाही. आणि ज्यांना अशी मैत्रीण नाही, त्यांनी काय करायचं? हेमानला नव्हती. मला का होती? "प्रभूची कृपा" म्हणाल, तर मग त्याच्यावर का नव्हती तेही सांगा.

हे गेल्यावरही ती वाचत राहिली. एकशे एकोणिसावं १७६ वचनांचं. ते तिने आठ-आठ वचनांचे तुकडे करून वाचलं आणि मला वैताग आला. वैताग आला म्हणजे ऐकत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता मी सकाळी बसते. कधी पाच मिनिटं, कधी नुसतीच.

एक राहिलं. हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. तिला पटलं नाही. म्हणाली, "मी काही तुझी प्रार्थना करत नव्हते. तुझ्या घरी यायची माझी हिंमत नव्हती. बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून वाचत होते." मी म्हटलं, बायबलातल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते, बोलायला लागले तिथेच बिघडलं. ती म्हणाली, "ते निदान आले तरी होते." यावर आमचं वाजलं. वाक्य काढून टाक म्हणतेय. मी काढलेलं नाही.