एकदा दिंडीत चाललं म्हणजे वारकरी?

आज एकादशी, म्हणून हिंगोलीहून नरसीला जाऊन आलो. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून हे मानतात, कयाधूच्या काठावर. देवळाबाहेर एक बाबा भेटले. गळ्यातली तुळशीची माळ इतकी जुनी की मणी पार गुळगुळीत झालेले. चहा घेता का म्हणून विचारलं तर "घेऊ की माउली" म्हणत माझ्याच पायाला हात लावला! मीही पटकन वाकलो. वारकऱ्यांत लहानथोर नसतंच, समोरचा प्रत्येक जण माउली.

हल्ली एकदा दिंडीत चाललं, फोटो टाकला की माणूस वारकरी होतो. मला हे अजिबात पटत नाही. दिंडीत जरूर चालावं, पण वारकरी म्हणजे ज्याची वारी नेमाची. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, यातली एक तरी वारी नेमानं करायचीच. माळ घातली की मटण-दारू बंद, एकादशी पाळायची. (आमच्याकडं पंगतीत आधी विचारतात, "माळकरी हायत का?")

बाबांना विचारलं, आषाढीला ऐन पेरणी असते, मग? म्हणाले, "पेरणी पोरगं बघतं. त्याच्या आधी भाऊ बघायचा. वारी ठरलेली हाय."