ए-टू ३.७

दोन्ही रिपोर्ट एकाच संध्याकाळी, एकाच मशीनमधून निघाले होते. बायकोचा हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, थॅलेसेमियाच्या वाहकांत वाढलेला दिसतो) ५.३ टक्के, खाली शेरा: ‘बीटा थॅलेसेमिया वाहक’, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा एक जनुक-बदल तिच्यात आहे; दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होऊ शकतो. नवऱ्याचा ३.७, खाली शेरा: ‘नॉर्मल’. म्हापशाच्या एका कलेक्शन सेंटरच्या संगणकात मर्यादा ४.० घातलेली होती, म्हणून त्याखालचं सगळं त्याला नॉर्मल. दोघांचे नोंदणी क्रमांक वेगळे, कागद वेगळे. हे नवरा-बायको आहेत आणि बायको अकरा आठवड्यांची गरोदर आहे, ही गोष्ट त्या संगणकाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

आमच्या जनुक प्रयोगशाळेत आली ती फक्त बायकोची ट्यूब, ‘म्युटेशन कुठलं ते सांगा’ एवढ्याच चिठ्ठीसह. नवऱ्याचा कागद सासूबाईंच्या पिशवीत होता. तो आम्ही मागितला तेव्हा त्या जरा दुखावल्याच. ‘‘आमच्या घराण्यांत अशें कोणाकूच ना,’’ म्हणाल्या. हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी ऐकू येतं. थॅलेसेमिया म्हणजे सिंधी-पंजाबी लोकांचा आजार, ही समजूत गोव्यात डॉक्टरांमध्येही आहे. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण पेडणे-सावंतवाडी पट्ट्यात त्याच पाचदहा गावांत सोयरिकी होत आल्या आहेत. एखादा बदल एका घरात शिरला की तो बाहेर कसा पडणार?

बायकोचं निदान सोपं होतं. हिमोग्लोबिन १०.२, तांबड्या पेशी ५.२ दशलक्ष, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६३. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागलं की १२.१ येतं, तेराच्या खाली आलं की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाचा संशय आधी. ठरावीक जनुक-बदल शोधणाऱ्या आर्म्स पीसीआर चाचणीत आयव्हीएस १-५ हा भारतात सर्वांत जास्त सापडणारा बदल पहिल्याच दिवशी मिळाला.

नवऱ्याचं गणित मात्र बसत नव्हतं. हिमोग्लोबिन १४.२, पेशी ५.४ दशलक्ष, एमसीव्ही ८१, भागाकार १५. वाहक हुडकणारी नेस्ट्रॉफ्टही निगेटिव्ह. ही चाचणी इतकी स्वस्त की कुठल्याही आरोग्य केंद्रात व्हावी: ०.३६ टक्के बफर केलेल्या सलाईनचे २ मिली, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, अर्धा तास थांबायचं आणि ट्यूबमागे काळी रेघ ओढलेला कागद धरायचा. रेघ स्पष्ट दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे निगेटिव्ह. गढूळ दिसली तर संशय. इथे रेघ लख्ख दिसत होती. खटकत होता तो एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, २६.३. सत्तावीसच्या जेमतेम खाली, म्हणून कोणी बघत नाही.

त्याचं बी-१२ कमी निघालं. घरात मासळी शिजत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लगेच उत्तर काढलं: बी-१२ कमी असलं की ए-टू थोडं वर जातं, इंजेक्शनं घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण बायको अकरा आठवड्यांची असताना तीन महिने कुठून आणायचे? आणि दुसरी बाजू त्यांनी पाहिलीच नाही. बी-१२ची कमतरता पेशी मोठ्या करते, थॅलेसेमियाचा गुण लहान करतो. दोन्ही एकत्र असले की एमसीव्ही मधोमध, सभ्य दिसणाऱ्या आकड्यावर येऊन बसतो. ८१ हा तसाच असू शकत होता.

आर्म्सची गंमत अशी की प्रत्येक बदलासाठी दोन ट्यूब लागतात, एकीत डीएनएच्या नेहमीच्या अक्षराला जुळणारा प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते तो छोटा तुकडा), दुसरीत बदललेल्या अक्षराला. प्रायमरचं शेवटचं अक्षर जुळलं तरच साखळी वाढते. शिवाय प्रत्येक ट्यूबमध्ये ८६१ अक्षरांचा नियंत्रक तुकडा वाढलाच पाहिजे. जेलवर ८६१ची पट्टी नसेल तर ‘बदल नाही’ म्हणायला अर्थ नाही; ती ट्यूब चाललीच नाही, एवढंच. नवशिके इथेच फसतात. त्यात कोणी हेपारिनच्या हिरव्या झाकणाची ट्यूब पाठवली तर पीसीआर अडतोच. जांभळ्या झाकणाचीच हवी, हे सांगून तोंड दुखलं. नवऱ्याच्या जेलवर सगळ्या रांगांत ८६१ स्वच्छ होती. आयव्हीएस १-५ची २८५ची पट्टी नाही. आयव्हीएस १-१, कोडॉन ८/९, कोडॉन ४१/४२, ६१९ अक्षरांची गळती, काहीच नाही.

बहुतेक ठिकाणी काम इथे थांबतं. रिपोर्टवर ‘पाच सामान्य बदल आढळले नाहीत’ असं जातं आणि वाचणारा ते ‘वाहक नाही’ असं वाचतो.

बीटा ग्लोबिनचं जनुक लहान, सुमारे १६०० अक्षरांचं. पूर्ण वाचायला दोन-तीन तुकडे पुरतात. सँगर सीक्वेन्सिंग बाहेरून करून घेतो, त्यात चार दिवस गेले. आलेला आलेख स्वच्छ होता आणि सॉफ्टवेअरने एकही फरक दाखवला नाही. चूक होती ती आमच्याच प्रायमरची. सँगरच्या प्रत्येक वाचनात सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं धूसर येतात, सॉफ्टवेअर ती कापून टाकतं. आमचा पुढचा प्रायमर जनुकाच्या आरंभाला इतका खेटून होता की कॅप +१ ही जागा, म्हणजे प्रथिन सुरू होण्याच्या पन्नास अक्षरं आधीची, नेमकी त्या कापलेल्या भागात गेली होती. उलट्या दिशेचं वाचन उघडलं तर शेवटाकडे, जिथे शिखरं बुटकी होत जातात, तिथे एकाच जागी दोन शिखरं होती, टी आणि जी. सरळ दिशेने वाचलं तर ए आणि सी. लांबचा प्रायमर घेऊन पुन्हा केलं तेव्हा शंका उरली नाही. कॅप +१ ए-सी: भारतीयांत सापडणारा, वाहकाच्या रक्तात फारसं काही न दाखवणारा बदल.

बारावा आठवडा संपत आला होता. जोडप्याने गर्भाची तपासणी मागितली. वारेच्या तुकड्यातले पांढरे, शेवाळासारखे फुटवे मायक्रोस्कोपखाली आईच्या गुळगुळीत ऊतकापासून सुईने वेगळे करावे लागतात. हे काम ज्याचा हात स्थिर त्यालाच द्यावं. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी दीड तास मान वर केली नाही. गर्भात दोन्ही बदल निघाले. बापाचा बदल आईच्या ऊतकातून येऊ शकत नाही, म्हणून कॅप +१ गर्भाचाच. पण आयव्हीएस १-५ आईच्या उरलेल्या दोन पेशींतूनही दिसला असता. म्हणून एसटीआर मार्कर (माणसागणिक वेगळ्या लांबीचे डीएनएचे तुकडे) लावून आईची भेसळ नाही हे पाहिलं. त्या किटमध्ये लिंग दाखवणारा अमेलोजेनिनही असतो. १९९४च्या कायद्याने तो सांगणं गुन्हा, म्हणून छपाईपूर्वी तो स्तंभ काढून टाकायचा, हेही कामच.

इथवरचं सगळं छातीठोकपणे सांगता येतं, पण पुढचं नाही. आयव्हीएस १-५ दोन्हीकडून आला असता तर रिपोर्ट एका ओळीचा होता: सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात आजार दिसेल, मग आयुष्यभर रक्त. कॅप +१ सोबत आला की काहींना लहानपणापासून रक्त द्यावं लागतं, काहींना मोठेपणीही क्वचितच. गर्भातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या गॅमा जनुकापुढची एक्समएन-१ जागा पाहिली: एका बाजूला अनुकूल. हिमोग्लोबिनचा दुसरा घटक बनवणाऱ्या अल्फा जनुकांची ३.७ हजार अक्षरांची गळती पाहिली: एक. दोन्ही गोष्टी आजार सौम्य होण्याकडे झुकतात. किती, याला आकडा नाही.

रिपोर्टचं शेवटचं वाक्य तीनदा लिहिलं. आधी ‘मध्यम तीव्रतेची शक्यता’. मग ‘तीव्रता निश्चित सांगता येत नाही’. शेवटी गेलं ते असं: ‘थॅलेसेमिया इंटरमीडिया अपेक्षित, रक्ताची गरज लागणार नाही याची खात्री देता येत नाही.’ नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, म्हणजे हो की नाही?’’ त्याला दिलेलं उत्तर अर्ध्या तासाचं होतं आणि त्यात हो किंवा नाही कुठेच नव्हतं. शाळेत शिकवतात त्या आनुवंशिकतेच्या चार चौकोनांत प्रत्येक चौकोन आजारी किंवा निरोगी असतो. या चौकोनात काय भरायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. त्यांनी काय ठरवलं, तो त्यांचा प्रश्न. तो इथे नको.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. आर्म्सच्या संचात कॅप +१ची जोडी आली, आणि जोडीदार वाहक असेल तर ३.३च्या वरचा कुठलाही ए-टू शेऱ्याशिवाय जात नाही. कलेक्शन सेंटरला मर्यादेबद्दल दोन पत्रं गेली. पहिल्याला उत्तर आलं, की सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातून चालतं.

गेल्या सोमवारी नवऱ्याच्या धाकट्या भावाचा कागद आला. तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न आहे. ए-टू ३.६, खाली छापलेलं ‘नॉर्मल’. मुलगी डिचोलीची. तिची ट्यूब अजून आलेली नाही.