गेर्ड म्युलरच्या गावाला

म्युनिकहून नॉर्डलिंगनला जाताना डोनाउवर्थला गाडी बदलावी लागते. पुढची छोटी गाडी शेतांच्या कडेने जाते, मुलूख सपाट होत जातो आणि लांबवर गोलाकार टेकड्या दिसू लागतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या विवराचा तो काठ. आपल्या लोणारचंच भावंड, पण व्यास जवळजवळ 25 किलोमीटर! गावाची जुनी तटबंदी आजही अखंड आहे. तिच्यावरच्या छपराखालच्या वाटेने आख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते, पावणेतीन किलोमीटरची. सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा 90 मीटर उंच. साडेतीनशे पायऱ्या चढून पोटऱ्या भरून आल्या, पण वरून लाल कौलांचं ते वर्तुळ पाहिलं आणि चढल्याचं चीज झालं.

मी आलो होतो मात्र फुटबॉलसाठी. पश्चिम जर्मनीचा आघाडीपटू गेर्ड म्युलर याच गावात 3 नोव्हेंबर 1945 ला जन्मला. शाळा सुटल्यावर विणकाम शिकायला लागला आणि टीएसव्ही 1861 नॉर्डलिंगनकडून खेळू लागला. गावच्या मैदानाला 2008 पासून त्याचं नाव आहे. तिथे पोरांचा सराव चालला होता. गोलकडे पाठ करून उभा असलेला एक मुलगा पास घ्यायचा, गर्रकन वळायचा आणि मारायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिलो, कारण म्युलरचा सगळा खेळ या एका वळण्यात होता.

1964 मध्ये बायर्न म्युनिकने त्याला नेलं. बायर्न तेव्हा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत वरच्या लीगमध्येही नव्हता. आखूड, जाडजूड मांड्यांचा हा पोरगा बघून प्रशिक्षक चायकोव्स्की काही खूश नव्हते, 'छोटा जाडा म्युलर' म्हणायचे. पण शरीराचा भार खाली असल्यामुळेच तो बचावपटूंच्या गर्दीत, हातभर जागेत, तोल न जाता वळू शकायचा. पुढच्याच वर्षी बायर्न वरच्या लीगमध्ये आला. बायर्नचं आजचं वैभव म्युलरच्या गोलांवर उभं आहे, असं त्याचा संघातला सोबती बेकेनबाउर नेहमी सांगत. मला ते शंभर टक्के पटतं.

परतल्यावर म्युनिकच्या ऑलिंपिक पार्कमधल्या टेकडीवर गेलो. युद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याची ही टेकडी. खाली स्टेडियमचं ते तंबूसारखं पारदर्शक छत. 26 मे 1972 ला इथे फुटबॉलचा पहिला सामना झाला, पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला 4-1 ने हरवलं आणि चारही गोल म्युलरचे! आणि इथेच, 7 जुलै 1974 ला, हॉलंडविरुद्ध विश्वचषकाची अंतिम लढत. 1-1 अशी बरोबरी, 43 वं मिनिट. बोनहोफने उजवीकडून चेंडू आत टाकला. म्युलर धावत पुढे निघून गेला होता, चेंडू त्याच्या पायाला लागून मागे, गोलपासून दूर गेला. दुसरा कुणी असता तर संधी संपली असती. हा दोन पावलं मागे आला, वळला आणि उजव्या पायाने जमिनीलगत मारला. जोरही फार नव्हता. गोलरक्षक जागचा हललाच नाही.

त्याच रात्री, वयाच्या 28 व्या वर्षी, त्याने राष्ट्रीय संघ सोडला. 62 सामन्यांत 68 गोल!

पुढचं वाचताना जीव कळवळतो. 1979 मध्ये तो अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला गेला, खेळ संपला आणि दारूने त्याला गाठलं. 1991 मध्ये उली हनेस, बेकेनबाउर अशा जुन्या सोबत्यांनी त्याला उपचाराला पाठवलं. बरा झाल्यावर क्लबने कामही दिलं, दुसऱ्या फळीतल्या पोरांना शिकवायचं. ज्या क्लबला त्याने मोठं केलं, त्याने अशी आठवण ठेवली, यासाठी मला बायर्नबद्दल कायम आदर वाटतो. 2015 मध्ये त्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर झालं. 15 ऑगस्ट 2021 ला तो गेला.

1971-72 च्या मोसमातला त्याचा 40 गोलांचा विक्रम बायर्नच्याच लेवांडोव्स्कीने 2021 च्या मे महिन्यात मोडला, शेवटच्या सामन्याच्या अगदी शेवटी 41 वा गोल मारून. आदल्या सामन्यात बरोबरी साधली तेव्हा त्याने जर्सी वर करून आतल्या बनियनवरचं म्युलरचं चित्र दाखवलं होतं. पण बुंडेसलिगातल्या एकूण गोलांपर्यंत तो पोहोचला नाही. 2022 मध्ये बार्सिलोनाला गेला तेव्हा त्याच्या नावावर 312 होते. म्युलरचे 427 सामन्यांत 365.