दारातली जीभ

न्यू जर्सीतील आमच्या घरात जमिनीवर ओकच्या फळ्या बसवण्याचे काम आज पॅसेज आणि झोपायची खोली जिथे मिळतात तिथे पोहोचले, आणि त्या एका दाराने माझा अख्खा शनिवार खाल्ला.

काम खोलीच्या भिंतीपासून सुरू करावे असे मला आधी वाटत होते. परंतु आमच्या घरातील एकही भिंत काटकोनात नाही, म्हणून पॅसेजच्या मधोमध सुताने सरळ रेघ मारून तिथून दोन्ही बाजूंना पसरत जाणेच शहाणपणाचे ठरले. अडचण पुढे आली. फळीच्या एका कडेला जीभ, म्हणजे बाहेर आलेली बारीक पट्टी, आणि दुसऱ्या कडेला ती बसेल अशी खाच असते, खिळा जिभेच्या बाजूनेच तिरका ठोकायचा असतो, आणि उलट दिशेने खोलीत शिरताना समोर येते ती नेमकी खाच. त्या खाचेत गोंद लावून लाकडाची पातळ पट्टी बसवली की तीच नवी जीभ होते आणि फळ्या उलट्या दिशेने सुरू करता येतात.

चौकटीलगत फळीचा तुकडा पालथा ठेवून, त्यावर करवत आडवी धरून चौकटीची पट्टी तळाशी कापली, तेव्हा पाऊण इंच जाडीची फळी तिच्याखाली अलगद सरकली. (त्याआधी चौकटीच्या आकारात फळी कोरण्यात मी तासभर घालवला होता, हे बायकोने सर्वांना सांगितलेच आहे.)

आईने व्हिडिओ कॉलवर सलग गेलेल्या फळ्या पाहिल्या आणि विचारले, "अरे, उंबरठा कुठे आहे?"