दोन नावांची एकच गोळी

हर्नियाचं ऑपरेशन तासाभरात उरकलं. डिस्चार्ज कार्ड हातात यायला मात्र सहा तास लागले, आणि एवढं करून त्यात चूक होती. जखम केव्हाच भरली, माझा राग काही गेलेला नाही.

सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." मी लगेच कपडे बदलून पलंगाच्या कडेवर बसलो. काउंटरवर दर खेपेला नवं उत्तर. फाइल खाली गेलीय. फाइल वर आलीय, सही राहिलीय. सही करणारे ऑपरेशन थिएटरात आहेत. तीन वाजता कार्ड आलं आणि सिस्टर म्हणाल्या, "इथे सही करा, झालं." मी पेन उचललंसुद्धा. इतका ताटकळलेला माणूस कशावरही सही करतो.

बायकोने कार्ड ओढून घेतलं. घरच्या गोळ्यांची पाकिटं तिच्या पिशवीत होती. कार्डावर रक्तदाबाची एक गोळी लिहिली होती, नाव अनोळखी. खाली शेरा : 'नेहमीची औषधं चालू ठेवा.' तिने घरच्या आणि हॉस्पिटलच्या, दोन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. "अहो, दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिनच आहे. पाच-पाच मिलिग्रॅम." वॉर्डात माझीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली जात होती, आणि तेच नाव कार्डावर उतरलं होतं. म्हणजे घरी गेल्यावर मी रोज ५ ऐवजी १० मिलिग्रॅम घेतली असती. रक्तदाब फार उतरला की चक्कर येते, आणि टाके असताना पडणं परवडत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." खरं सांगतो, मीही म्हणालो, जाऊ दे, घरून फोन करू. बायको हलली नाही. आणखी पाऊण तासाने निवासी डॉक्टर आले, मिनिटभर पाहिलं, ती ओळ खोडली, शेजारी सही केली. "बरं झालं विचारलंत," एवढंच म्हणाले. न चिडता म्हणाले, हे नोंदवायला हवं.

तेव्हा दाखल होतानाच गोळ्यांची यादी द्या, कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून. व्हिटॅमिनं, काढे, चूर्णंही लिहा. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती सगळ्यात वर. कार्डावर नवी गोळी दिसली की विचारा : ही जुन्या कुठल्या गोळीच्या जागी आहे, की जास्तीची?

बाकी सगळं सुरळीत झालं. दर इंजेक्शनआधी नाव आणि जन्मतारीख विचारत, त्याचा मला वैताग यायचा. पलीकडच्या खाटेवर माझ्याच आडनावाचे गृहस्थ आले आणि वैताग संपला. भूल देण्याआधी मलाच विचारलं, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत हा प्रश्न आहेच. तुम्हाला विचारलं नाही, तर आपणहून सांगा. हात धुतलेत का, हे डॉक्टरांना विचारायला मात्र माझी जीभ रेटली नाही. बायकोने विचारलं.

जखम लाल झाली, पू आला किंवा ताप चढला तर रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबरही निघण्याआधीच घ्या.

हो, आणि सलाईनची सुई काढलीय का ते पाहा. माझी बाहीखाली तशीच होती. लिफ्टमधून परत फिरावं लागलं.